विचारपुशीची जागा

मेधाताई, मी पुण्यात टिकले ती तुमच्यामुळे. हे आधी लिहून टाकते. तुम्ही असतात तर हे वाक्य मला पुरं करू दिलं नसतंत, "मुद्द्यावर या" म्हणाला असतात. मुद्दा हाच होता, ताई. आता अडवायला कोणी नाही, म्हणून तो सगळ्यात वर लिहिलाय.

तुमच्या तेराव्याला मी नारायण पेठेतल्या तुमच्या घरी आले होते. जिना चढून दाराशीच बसले, आत जायचा धीर झाला नाही. घरात सगळे हळू आवाजात, मोजकं बोलत होते. आमच्याकडे अशा दिवशी बाया गळ्यात पडून रडतात, गेलेल्या माणसाचं सगळं आयुष्य मोठ्याने सांगतात. इथे हातात पाण्याचं भांडं आलं, पान मांडलंय असं कोणीतरी सांगितलं, बस. मग तुमचे यजमान स्वतः उठून माझ्याजवळ आले आणि म्हणाले, "लांबण लावणारी करुणा ती तूच ना? मेधा सांगायची." मी मान हलवली. आणि ताई, लांबण लावणाऱ्या करुणाला त्या दिवशी एक शब्द बोलता आला नाही. जे राहिलं ते इथे लिहिते आहे. लांबेल. सांभाळून घ्या.

ऑफिसात तुमची खुर्ची अजून तशीच आहे. पाठीला लावायची ती चौकोनी उशी कोणी उचललेली नाही. नवीन आलेला एक मुलगा परवा खुर्चीवर बसायला गेला, तेव्हा चार जण एकदम "तिथे नको" म्हणाले. तुम्ही असतात तर म्हणाला असतात, "का, गाभारा आहे का तो?" हे मला ऐकू येतं. रोज, दिवसातून कितीतरी वेळा, तुम्ही काय म्हणाला असतात ते ऐकू येतं. फक्त ते मी माझ्याच आवाजात ऐकते, आणि माझा आवाज त्याला शोभत नाही.

आपली ओळख मार्केट यार्डातली. मी तेव्हा एका संत्र्याच्या आडत्याच्या गाळ्यावर फोन घ्यायला बसायचे. नववीत शाळा सुटलेली, गाव पार मोर्शीच्या पलीकडे, पुण्यात ओळखीचं म्हणावं असं कोणी नाही. गाळ्यावर आमच्याच भागातले शेतकरी भाव विचारायला फोन करायचे. भावाच्या आधी बाकीचं सगळं यायचं. त्या दिवशी तुम्ही पेटी घ्यायला आलात तेव्हा मी फोनवर होते, हातानेच थांबा म्हटलं. पलीकडच्या काकांच्या सुनेचं बाळंतपण झालं होतं. ते पूर्ण ऐकल्याशिवाय भाव सांगणं बरं दिसलं नसतं. तुम्ही थांबलात. गर्दीत, हमालांचे धक्के खात, पिशवी छातीशी धरून थांबलात. मी फोन ठेवला तशी म्हणालात, "झालं? की बारशाचं आमंत्रण यायचंय अजून?"

मला रडू येईल असं वाटलं. पुण्याच्या बोलण्याची तोवर सवय नव्हती. पण तुम्ही पेटी घेऊनही हलला नाहीत. पुढचा फोन आला, तोही ऐकलात. मग विचारलंत, असंच फोनवर बोलायची, पण पंख्याखाली बसून बोलायची नोकरी हवी आहे का. मी नववीचं सांगितलं. तुम्ही म्हणालात, "मी शाळा विचारली का?"

ऑफिसात आल्यावर कळलं की शाळा विचारणारे होते. बारावी पास हवी, असा नियम होता. तुम्ही काय बोललात ते मला खूप नंतर दुसऱ्यांकडून समजलं. मोर्शी-वरुडकडून फोन येणार असतील तर ते उचलायला मोर्शी-वरुडचं माणूस हवं, प्रमाणपत्र काही फोन उचलत नाही, असं म्हणालात म्हणे. आणि वर, ही चुकली तर मला विचारा. ते शेवटचं वाक्य मला आजही झोपू देत नाही, ताई. कोणी माझ्यासाठी 'मला विचारा' असं त्याआधी म्हटलं नव्हतं.

तुमचं काम मला कळायला वेळ लागला. आपल्या केंद्रात निरनिराळ्या कंपन्यांच्या ग्राहकांचे फोन येतात. प्रत्येक कॉल रेकॉर्ड होतो आणि सर्व्हरवर जाऊन बसतो, कारण उद्या भांडण झालं तर कोण काय बोललं होतं याचा पुरावा तोच. या सगळ्या बोलण्याला किती जागा लागेल, ते आधीच ठरवून ठेवायचं, हे तुमचं काम. तुम्ही काय करता असं कोणी विचारलं की सांगायचात, "लोक बोलतात, मी ते ठेवायला जागा करते." मला शिकवलंत तेही असंच साध्या भाषेत. एका वेळी जास्तीत जास्त किती जण फोनवर असतील, एक जण सरासरी किती वेळ बोलेल, आणि ते बोलणं किती महिने सांभाळायचं. या तिन्हींचा गुणाकार, वर थोडी मोकळी जागा. यात अवघड काही नाही, म्हणायचात. फक्त माणसं किती बोलतात ते आधी कळायला हवं, आणि ते कोणालाच कळत नाही.

तुम्हालाही कळलं नव्हतं. त्यावरून आपण नंतर किती हसलो.

शेतीपंपांच्या कंपनीचं काम आपल्याकडे आलं, तेव्हा जागेचा हिशेब तुम्ही केला होतात. सरासरी कुठून घेतलीत? आपल्याकडे आधीपासून पाणी शुद्ध करायच्या मशीनचं काम होतं, त्यावरून. आणि त्या मशीनचे सगळे फोन पुण्यातले. मी ते कॉल पुढे कितीतरी ऐकले. "मशीन बंद आहे. पत्ता तुमच्याकडे आहे. माणूस पाठवा, गेल्या वेळचा नको." ठेवला फोन. असं बोलणाऱ्या लोकांवरून तुम्ही आमच्या लोकांची जागा मोजलीत. मार्केट यार्डात माझ्यासमोर पिशवी धरून उभ्या राहिलेल्या तुम्ही.

पंपांचे फोन सुरू झाले ते रब्बीच्या पाण्याला. आमच्याकडचं माणूस फोन लागल्या लागल्या पंपावर येत नाही. आधी तुम्ही कुठले, मग तुमच्याकडे थंडी पडली का, मग जेवलात का. मग पंप. पंपाचं सांगून झालं की पुन्हा एकदा, बरं मग जेवून घ्या बाई. मला तर बरं वाटायचं. हेडफोन कानाला लावला की गाव यायचं. माझ्या कॉलची वेळ स्क्रीनवर लाल व्हायची आणि मी ती हाताने झाकायचे, जशी काही झाकली की थांबणार होती.

मग एका भर दुपारी सर्व्हर भरला. फोन चालू राहिले, नुसतं रेकॉर्डिंग थांबलं, म्हणून लगेच कोणाच्या लक्षात आलं नाही. त्या दुपारच्या माझ्या कॉलमध्ये गयाबाईंचा एक होता. म्हातारी बाई, एकटीच शेत करणारी. फोन उचलल्या उचलल्या म्हणाल्या, "मोटर जयली वं माय. पन आधी हे सांग, तू जेवली का?" मी त्यांना पंप हमीत आहे, बदलून मिळेल, तोवर उघडू नका, असं सांगितलं. पुढे कंपनीने, तक्रार हमीच्या मुदतीत आली होती का हे बघायला, रेकॉर्डिंग मागितलं. रेकॉर्डिंग नव्हतं. नाही तर नाही, पंप बदलता येणार नाही, असं उत्तर आलं. हरभरा पाण्यावर आलेला आणि विहिरीवर जळकी मोटर.

बैठक बसली. सागर सर आपले ऑपरेशन्सचे मॅनेजर. माणूस वाईट नाही, तेव्हाही नव्हता. त्यांनी सरळ विचारलं की सर्वांत लांब कॉल कोणाचे आहेत. माझेच होते. खोलीतले सगळे माझ्याकडे बघायला लागले आणि मी मनात बॅग भरायला घेतली. कॉटबेसिसच्या खोलीतल्या माझ्या पलंगाखालची बॅग, तिची तुटलेली चेन, सगळं डोळ्यांसमोर आलं. आईला काय सांगायचं ते जुळवायला लागले.

तेवढ्यात तुम्ही म्हणालात, "चूक माझी आहे. मी आख्खा महाराष्ट्र नारायण पेठेच्या मापाने मोजला."

तुम्ही पुढे सांगितलंत की या मुलीने मला मार्केट यार्डात स्वतः दाखवून दिलं होतं तिकडची माणसं कशी बोलतात, पाय दुखेपर्यंत दाखवलं होतं, तरी मला सर्व्हर भरेपर्यंत कळलं नाही. मग माझ्याकडे वळून, अगदी कोरड्या आवाजात, "तुम्ही बोला हो. जागा करणं माझं काम आहे."

मला तेव्हा तुमचे पाय धरायचे होते. तुम्ही बैठक संपताच कंपनीला फोन लावलात. त्या दुपारी आमचं रेकॉर्डिंग बंद होतं, दोष आमचा आहे, शिक्षा त्या बाईंना का, एवढंच विचारत राहिलात. तुमच्या पद्धतीने. एकदा, दोनदा, मग त्यांच्या वरच्यांना. गयाबाईंना पंप मिळाला. त्यांनी मला फोन करून सांगितलं आणि तुमचं नाव विचारलं. मी सांगितल्यावर म्हणाल्या, त्या मेधाबाईले सांगजो, हरभरा झाला का डाळ पाठवतो. मी तुम्हाला निरोप दिला. तुम्ही म्हणालात, पंप मिळाला ना, मग डाळ कशाला. पण दुसऱ्या दिवशी विचारलंत, "त्या डाळीचं काय म्हणत होत्या त्या?"

त्या आठवड्यात तुम्ही हिशेबाच्या शीटमध्ये एक नवी ओळ घातलीत. वरती कॉलची संख्या, कामाच्या बोलण्याचा वेळ, महिने, हे सगळं होतंच. त्याखाली तुम्ही लिहिलंत: विचारपूस. इंग्रजी शीटमध्ये ही एकच मराठी ओळ. जेवलात का, पाऊस कसा, घरचे कसे, यासाठी लागणारी जागा. सागर सर म्हणाले, ताई, ये विचारपूस क्या है, क्लाएंटला काय सांगू? तुम्ही म्हणालात, "सांगा, सरासरीत बसत नाही ते."

आणि मला तुमच्या टीममध्ये घेतलंत, ती ओळ मोजायला. कुठल्या भागातलं माणूस पंपावर यायला किती वेळ घेतं, ते मी कॉल ऐकून लिहायचं. मी इतकी घाबरले होते की पहिल्या दिवशी माउसला हात लावताना विचारलं, लावू का. तुम्ही म्हणालात, "चावत नाही. कोणाला चावल्याचं अजून ऐकलं नाही."

तुम्ही मला कायम 'अहो करुणा' म्हणायचात. मी तुमच्या मुलीच्या वयाची. आमच्याकडे लहानाला अहो-जाहो केलं की ते परकं वाटतं. मला वाटायचं, माझं काही चुकलं म्हणून असं बोलतात. एकदा धीर करून म्हटलं, ताई, मला तू म्हणा ना. तुम्ही चष्म्यावरून पाहिलंत आणि म्हणालात, बघू. ते 'बघू' तसंच राहिलं. आता मला कोणी 'अहो करुणा' म्हणत नाही. आता कळतंय की इथे तेच जवळचं होतं.

आपलं एक भांडण अर्धं राहिलं, आठवतं? शांततेचं. जागा वाचवायला कॉलमधली शांतता कापून टाकता येते, बोलणं नसेल तिथे रेकॉर्डिंग थांबवायचं. जागा पुन्हा कमी पडेल या भीतीने मी म्हटलं, कापू या. तुम्ही मला एक कॉल ऐकवलात. एजंटने मोटरचा नंबर विचारलाय, माणसाने फोन विहिरीच्या कठड्यावर ठेवलाय आणि मोटरवरची पट्टी वाचायला खाली गेलाय. नुसते पक्षी, लांबून बैलाच्या गळ्यातली घंटा, कुठेतरी कुत्रं. पुष्कळ वेळ. तुम्ही हेडफोन काढून म्हणालात, "ही शांतता नाही. माणूस मोटरपर्यंत चालत गेलाय. ते चालणं मी कापणार नाही."

मी म्हटलं, बरं, ते नको. पण होल्डवर ठेवल्यावर आपणच जी ट्यून वाजवतो, ती कशाला साठवायची? ती तर आपलीच आहे, कोणाची नाही. तुम्ही म्हणालात, ट्यून वाजत असताना पलीकडचा माणूस काहीतरी बोलतोच, बायकोला, पोराला, देवाला. मी म्हटलं, मग ते तर आपण ऐकूच नये, ते आपल्याशी थोडंच बोलतात? तुम्ही गप्प झालात. तुम्हाला गप्प करणारी मी आख्ख्या ऑफिसात पहिली असेन. मग म्हणालात, उद्या बोलू यावर. त्या उद्यापासून तुम्ही रजेवर गेलात.

त्याच्या आधीची एक संध्याकाळ मला फार आठवते. आपण ऑफिसच्या गाडीतून घरी येत होतो. तुम्ही नारायण पेठेत उतरणार, मी पुढे कसब्यात. आईचा फोन आला आणि ती म्हणाली, तुझ्या मॅडमला दे. मी घाबरत घाबरत फोन तुमच्याकडे दिला. तुम्ही बोललात ते असं: हो. बरी आहे. हो. पुण्यात असतो तसाच. बरं. आणि फोन माझ्या हातात.

"काय म्हणाली आई?" मी विचारलं.

"विचारलं, तुमच्याकडे पाऊस कसा आहे. सांगितलं. त्यानंतर काय बोलायचं असतं?"

"तुम्ही विचारायचं ना, तुमच्याकडे कसा आहे."

"मला तिकडच्या पावसाचं काय करायचंय?"

"काही नाही. विचारायचं."

तुम्ही खिडकीबाहेर बघत राहिलात. गाडी थांबली, उतरलात, दार लावता लावता म्हणालात, "अच्छा. असं असतं होय." आणि कोथिंबीर घ्यायला वळलात.

रजेचं कारण तुम्ही सांगितलं नव्हतंत. एक छोटं ऑपरेशन आहे, म्हणालात, जसं काही नळ दुरुस्त करून घ्यायचाय. मी दवाखान्यात यायचं म्हटलं तर मेसेज आला, "येऊ नये. इथे जागा कमी आहे." मी त्यावर हसले. खरंच हसले, शेजारच्या मुलीला दाखवला तो मेसेज. पुढचा मेसेज तुमच्या यजमानांचा होता.

आईला कळवायला मी फोन केला. म्हटलं, आई, आमच्या ताई गेल्या. आई म्हणाली, "मले फोन आला होता ना तिचा."

तुम्ही माझ्या आईला दवाखान्यातून फोन केला होतात. मला सांगू नका असं बजावून. माझ्या रजेच्या अर्जावर घरचा नंबर होता, तो तुम्हाला कधीचा पाठ असणार. आई सांगते, पयले इचारलं पाऊस कसा हाय. मग संत्र्याचा बहार कसा आहे, मग गुडघा कसा आहे, मग जेवलात का. एका मागोमाग एक. आईला वाटलं, ही बाई कोणीतरी लिहून दिलेलं वाचतेय. पण मग बोलत गेलात म्हणे. तुमच्या लेकीबद्दल बोललात, ती परदेशात असते आणि फोनवर तुमच्यासारखंच तोडून बोलते, हे सांगितलंत. माझ्याबद्दल म्हणालात की घाबरते फार, पण काम टाकत नाही. आई म्हणाली, "लय बोलली बाप्पा. मीच म्हटलं, ठेवा आता, थकसान."

ताई, आपल्या सर्व्हरवर किती लोकांचं बोलणं आहे. मशीनवाल्यांचं, पंपवाल्यांचं, रागावलेल्यांचं, नुसतं नंबर चुकून लागलेल्यांचं. सगळं मापात बसवून, नीट ठेवलेलं. आणि तुम्ही तुमच्या आयुष्यातला सर्वांत लांब फोन केलात, तो कुठेही ठेवलेला नाही. तो फक्त आईजवळ आहे. मी तिला पुन्हा पुन्हा सांगायला लावते. ती दर वेळी थोडा वाढवून सांगते. मला कळतं. मी अडवत नाही. तुमची ओढ लागली की मी आईला फोन करते आणि म्हणते, सांग ना, मग ताई काय म्हणाल्या.

आता या आठवड्यातलं सांगते. हे सांगायलाच खरं तर लिहायला बसले.

दसरा झाला, रब्बीचे फोन सुरू होणार, म्हणून जागेचं नियोजन द्यायचं होतं. तुमच्यानंतरचं पहिलं. टीममध्ये ही शीट कळणारी मीच उरले, म्हणून सागर सरांनी मलाच बोलावलं. मला रात्रभर झोप नाही. तुमची शीट उघडली होती, त्यात नव्या हंगामाचे आकडे घातले होते. आणि मला आधीच कानावर आलं होतं की विचारपुशीची ओळ काढायची आहे. सर्व्हर आता भाड्याने घ्यायचा विचार चाललाय, जेवढी जागा तेवढा खर्च. ओळ काढली की जागा कमी, आणि त्या कमी जागेत बसावं म्हणून प्रत्येक कॉलला मर्यादा. वेळ झाली की एजंटने फोन आवरायचा. न आवरला तर आपोआप तुटणार. म्हणजे गयाबाईंनी फोन केला तर 'तू जेवली का' मध्येच त्यांचा वेळ संपणार, मोटरपर्यंत त्या पोचणारच नाहीत. आणि विहिरीच्या कठड्यावर फोन ठेवून गेलेला तो माणूस नंबर वाचून परत येईल, तेव्हा पलीकडे कोणी नसेल.

हे सगळं मला बोलायचं होतं. मनात ते नीट बोलून झालंही होतं, तुमच्या शब्दांत.

बैठकीत मी होल्डच्या ट्यूनचं आधी काढलं. म्हटलं, ती साठवू नये, बरीच जागा वाचेल. सरांना पटलं. तुम्हाला पटलं नसतं, मला माहीत आहे, पण हे आपलं भांडण मी एकटीनेच मिटवलं. रागवा हवं तर. रागावलात तर मला बरंच वाटेल.

मग सरांनी त्या ओळीवर बोट ठेवलं. अगदी शांतपणे विचारलं, "करुणा, याचं लॉजिक सांग मला. कॉल लिमिट लावली तर नेमकं बिघडेल काय? लोक शिकतील ना लवकर बोलायला."

प्रश्न योग्य होता, ताई. चेष्टा नव्हती त्यात. आणि मला उत्तर येत होतं. गयाबाई होत्या, विहीर होती, ते पक्षी होते. पण तोंड उघडलं आणि सगळं गोळा झालं. मी नववी झालेली, समोर शिकलेली माणसं, स्क्रीनवर मोठी शीट. माझ्या तोंडून एवढंच निघालं, "मेधाताईंनी ठेवली होती ती ओळ."

सागर सरांनी स्क्रीनकडे पाहिलं, त्या एका मराठी शब्दाकडे. मग म्हणाले, "ठीक आहे. राहू दे. लिमिट नको या सीझनला. मॅडमची शेवटची शीट आहे." लॅपटॉप बंद करता करता थांबले आणि माझ्याकडे बघून म्हणाले, "पण पुढच्या वेळी मला कारण लागेल. त्यांचं नाव पुरणार नाही."

बाहेर आल्यावर सगळ्यांनी पाठ थोपटली. ओळ राहिली, मर्यादा टळली, या हंगामात कोणाचा फोन मध्येच तुटणार नाही. मला आनंद व्हायला हवा होता. मी जिन्यात जाऊन उभी राहिले आणि तुमची फार आठवण आली. ती ओळ मी राखली नाही, ताई. तुम्ही राखलीत. नसतानाही तुम्हीच माझ्यासाठी 'मला विचारा' म्हणालात, आणि त्यांनी तुम्हाला विचारलं.

आभार मानायचे तर तुम्ही ऐकून घ्यायचा नाहीत, आणि आता तर कुठे मानणार. तुमचे उपकार डाळीने फिटले असते तर मोर्शीहून पोतं आणलं असतं. म्हणून एवढंच कबूल करते. मी या हंगामाचे कॉल ऐकेन, जे तुम्हाला पाठ होतं ते मला माझ्या शब्दांत सांगता येईपर्यंत ऐकेन. लगेच जमेल असं नाही, पुढच्या वेळीही कदाचित शब्द अडतील. पण एक दिवस त्याच खोलीत, त्याच प्रश्नाला, मी तुमचं नाव न घेता उत्तर देईन. माझं कारण म्हणून देईन, करुणाचं. तुमची फेड मी त्या दिवशी करीन, ताई. तोवर मी तुमच्याच नावावर राहते आहे.